एनेलेसी ‘आज’ म्हणेपर्यंत

आमच्या कालिम्बेत सात घरं गांजा लावतात आणि सातही घरांचा गांजा एकट्या एनेलेसीच्या नाकावर तयार होतो. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. त्याला वाटतं, झाड कापलं, सुकवलं, झालं काम. असल्या माणसाशी बोलण्यात मी वेळ घालवत नाही. नुसता सुकवलेला गांजा खाली सरोवराकाठी नकोटाकोटाच्या बाजारात कुणीही देतं, त्याला आम्ही गवत म्हणतो. आमचा माल म्हणजे कणीस. मे महिन्यात तुरे कापायचे, सावलीत मरगळू द्यायचे, मग मक्याच्या कणसाच्या सालांत दाबून भरायचे, वाखाच्या दोरीने करकचून आवळायचे आणि केळीची पानं अंथरलेल्या खड्ड्यात पुरून टाकायचे. खड्ड्यात कणीस घाम गाळतं आणि तिथेच त्याचं काय ते ठरतं. लवकर काढलं तर धुराने घसा सोलवटतो, दोन दिवस उशीर झाला तर आंबून जातं. मधला एकच दिवस खरा. तो दिवस कुठला, हे एनेलेसी सांगते.

एनेलेसी म्बेवे साठीला टेकलेली बाई. काटक, ताठ, आणि बोलण्यात नको तितकी धारदार. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, दोन्ही मुली लिलाँग्वेला कुणाकुणाच्या घरी स्वयंपाक करतात. उभ्या जन्मात तिने एक झुरका मारलेला नाही. कुणी टोकलं की म्हणते, “सुईणीला स्वतःला दिवस जायला हवेत का रे?”

दरवर्षी तिची कणसं पहिली पुरली जातात आणि बाकीच्यांची तीन दिवसांनी. खड्ड्याच्या काठाशी एक लहान कणीस वेगळं ठेवतात, त्याला आम्ही पहारेकरी म्हणतो. आठव्या दिवसापासून एनेलेसी रोज सकाळी पहारेकरी बाहेर काढते, दोन सालं सोडते, नाक खुपसते, डोळे मिटते आणि काही न बोलता परत ठेवते. मग एखाद्या सकाळी डोळे उघडून म्हणते, “आज.” एवढंच. त्यावर तिचा खड्डा उघडतो. पुढे ती एकेका घरी जाते आणि त्यांच्या त्यांच्या दिवशी तोच शब्द उच्चारते. तो शब्द ऐकल्याशिवाय कालिम्बेत कुणी खड्ड्याला हात लावत नाही.

हे तिला आईने शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे काय, दहा वर्षांच्या पोरीचं डोकं धरून खड्ड्यात घातलं, कान पिळला आणि म्हटलं, “हे.” दुसऱ्या दिवशी परत डोकं घातलं आणि म्हटलं, “हे नाही.” एवढ्यावर शिक्षण संपलं. धाकटी दिनेसी तिथे आली की आई तिला बादली देऊन ओढ्यावर पिटाळायची. कणसं हाताळली की हातांना चीक बसतो, तो धुवायला पाणी लागतं. एका पोरीला नाक मिळालं, दुसरीला बादली. पन्नास वर्षं झाली तरी खड्डे उघडायच्या दिवशी सात घरांना पाणी दिनेसीच भरते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यापायी झाला. पहिलं कणीस पुरल्यापासून शेवटचं निघेपर्यंत आमच्याकडे वासाचं नाव काढायचं नसतं. चांगला नाही, वाईट नाही, कुठलाच नाही. नाव काढलं की खड्ड्यातलं कणीस रुसतं आणि आंबतं, असं जुनी माणसं सांगतात. जैलोसी, आमच्यातला शहाणा, म्हणतो की हे पोलिसांच्या भीतीने सुरू झालं. कुणा आजीने रस्त्यात “काय वास सुटलाय ग!” म्हटलं आणि नेमका मागून शिपाई येत होता. काही का असेना, आम्ही पाळतो. शेळी मरून चार दिवस पडली तरी नाकाला हात लावत नाही. शेजारणीचा घेवडा करपला तर “चुलीकडे बघ जरा” इतकंच म्हणतो.

यंदा मार्चात एनेलेसीला ताप आला. तीन आठवडे चटईवर पडून होती, नाक-डोळे गळत होते. उठली तेव्हा अंगात ताकद नव्हती आणि जेवणाला चव नव्हती. तिने आधी मिठाला दोष दिला, दुसरं मीठ आणलं. मग मासळीवर घसरली. भर बाजारात उसिपा विकणाऱ्या बाईला म्हणाली, “हे मासे आहेत की कागदाचे तुकडे?”

ती बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “अमायी, चार दिवस उन्हात वाळलेत ते. माझ्या पाटीशेजारी बसायला दुसरी बाई तयार होत नाही. आणि तुम्हाला कागद लागतात होय?”

“मग मक्याच्या पिठाचा न्सिमा तरी असा का लागतो? चिखल गिळल्यासारखा?”

“तुमच्या घरचा न्सिमा मी शिजवते का?”

एनेलेसी तणतणत घरी आली. पुढे तिने पाण्याला दोष दिला, दळणाला दिला, शेवटी वयाला दिला आणि गप्प बसली. तुम्ही शहाणे आहात, तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं, आणि आमच्याही नाही. माणसाची नजर गेली की तो बोंब मारतो. ऐकू येईनासं झालं की घरातले बोंब मारतात. नाक गेलं तर बोंब मारायचं कुणाला सुचतच नाही.

त्यात यंदाचं बियाणं दिनेसीचं होतं. एनेलेसीचं भोपळ्यात ठेवलेलं बी उंदरांनी फस्त केलं, म्हणून नोव्हेंबरात बहिणीकडे हात पसरावा लागला. दिनेसीने मूठभर बी दिलं आणि देताना म्हणाली, “घे बाई. पण नीट आलं नाही तर मला बोलू नकोस.” बहिणी असं बोलतातच. पण एनेलेसीने ते वाक्य जपून ठेवलं.

झाडं मात्र झकास आली. तुरे दाट, चीक भरपूर. कणसं बांधली, पुरली. आठव्या दिवशी सकाळी एनेलेसीने पहारेकरी काढला, सालं सोडली, नाक खुपसलं, डोळे मिटले.

काहीच नाही.

तिने पुन्हा खुपसलं. आठव्या दिवशी थोडं तरी काही यायला हवं, कच्चं, ओल्या शेळीसारखं, पण काहीतरी. इथे नुसता गार वारा नाकात गेला. तिने बोटांनी चुरून बघितलं, चीक होता. उजेडात धरलं, रंग हवा तसा तपकिरीकडे वळला होता. बोटं एक सांगत होती, डोळे तेच सांगत होते, आणि नाक म्हणत होतं की हातात काही नाहीच. तिने कणीस गुंडाळून परत ठेवलं.

नवव्या दिवशी जैलोसी सहज म्हणून आला. पायवाटेवरच त्याच्या नाकपुड्या फुलल्या होत्या आणि चेहरा खुलला होता. उघड काही बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याने नेहमीसारखं विचारलं, “अमायी, पहारेकरी जागा झाला का?”

“झोपलाय.”

“झोपलाय?” जैलोसी गोंधळला. “अगदी गाढ?”

“मेल्यासारखा.”

जैलोसीने हळूच एक लांब श्वास घेतला, खड्ड्याकडे पाहिलं, एनेलेसीकडे पाहिलं. एनेलेसी म्हणते झोपलाय, म्हणजे झोपलेलाच असणार. तो घरी गेला आणि बायकोची तपकिरीची डबी उघडून स्वतःचं नाक तपासत बसला. सात शिंका आल्या. नाक शाबूत होतं. मग हे काय चाललंय, ते त्याला कळेना.

दोन दिवसांत सातही घरांत हेच सुरू झालं. एनेलेसीच्या खड्ड्यावरून वारा आला की माणसं चालता चालता थबकायची, एकमेकांकडे बघायची आणि पुढे जायची. तोंडाने कुणी काही म्हणायचं नाही. जो तो मनात म्हणायचा, आपलंच नाक बिघडलं, एनेलेसीचं कसं बिघडेल? एक म्हातारी तर नाकात कोमट मिठाचं पाणी ओढून खोकून खोकून बेजार झाली.

दहाव्या दिवशीही काही नाही. त्या दिवशी एनेलेसीने चुलीवर घेवडा ठेवला होता आणि अंगणात बसून विचार करत होती. जैलोसीची बायको कुंपणाबाहेरून म्हणाली, “अमायी, चुलीकडे बघा जरा.” एनेलेसी आत गेली तर भांड्याचा तळ काळाठिक्कर. घरभर निळा धूर. इतका वेळ आपण काय करत होतो? अंगणातून दारापर्यंत चार पावलं, आणि आपल्याला पत्ता नाही? तिने भांडं बाहेर आपटलं. माझं लक्ष ठिकाणावर नाही, असं तिने ठरवलं. लक्ष ठिकाणावर का नाही? कारण कणीस मेलंय. कणीस का मेलं? त्याचं उत्तर तिच्याजवळ नोव्हेंबरपासून तयार होतं.

अकराव्या दिवशी तिने खात्री करायला इतरांचे पहारेकरी काढून बघितले. जैलोसीचा, त्याच्या शेजाऱ्याचा, ओढ्यापलीकडच्या दोघांचा. सगळे तसेच, मुके. आता जैलोसीचं बी काही दिनेसीकडचं नव्हतं. इथे तरी तिने थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा वाटेला लागला की वळत नाही. तिला वाटलं, दिनेसीने केलेलं आता सगळ्या डोंगराला लागलं. रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सात घरं तिच्या शब्दाची वाट बघत होती आणि तिच्याजवळ शब्दच नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी ती दिनेसीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. दिनेसी मका निवडत होती.

“बी कुठलं दिलंस मला?”

दिनेसीने वर बघितलं. “माझ्याच झाडाचं. का ग ताई?”

“काय करून दिलंस? काय म्हणून दिलंस? कणीस मेलंय माझं. माझ्यामुळे सगळ्यांचं मेलंय.”

“मेलंय?” दिनेसीच्या हातातला मका खाली पडला. “ताई, तुला वेडबीड लागलं का? अग तुझा खड्डा तर इथपर्यंत—” आणि तिने जीभ चावली.

“इथपर्यंत काय?”

दिनेसी सांडलेला मका गोळा करायला लागली.

“बोल ना. इथपर्यंत काय?”

“मला बोलता येत नाही. का ते तुला ठाऊक आहे.”

“हो, ठाऊक आहे मला, का ते!” एनेलेसीचा आवाज चिरकला. “पन्नास वर्षं बादली वाहिलीस, ती डोक्यात बसलीय तुझ्या. आईने मला निवडलं ते तुला अजून पचलेलं नाही.”

दिनेसीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती उठून आत गेली आणि तिने दाराची चटई खाली सोडली. एनेलेसीला वाटलं, हाच कबुलीजबाब.

तेराव्या दिवशी दुपारी प्रकरण मफुमूंसमोर गेलं. आमच्या गावच्या मफुमू, म्हणजे गावप्रमुख, या सत्तरीच्या बाई आहेत. नासोन्का त्यांचं नाव. गुडघे दुखतात म्हणून त्या वडाच्या सावलीत खुर्चीवर बसतात, बाकीचे चटयांवर. सातही घरं आली होती. एनेलेसी डोक्यावर टोपली घेऊन आली आणि टोपली जवळ येऊ लागली तशी माणसं अवघडल्यासारखी हलायला लागली.

तिने सगळं सांगितलं. उंदरांपासून बियाण्यापर्यंत, त्या वाक्यापासून सोडलेल्या चटईपर्यंत. मफुमूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“एनेलेसी, तू काय म्हणतेस ते तुला कळतंय ना?” त्या म्हणाल्या. “करणी हा शब्द मी या झाडाखाली ऐकून घेणार नाही.”

“तो शब्द मी म्हटलेला नाही, मफुमू. मी जे झालं तेच म्हणते.”

“बरं. पण हे खरं ठरलं तर दिनेसीला चूल मोडून डोंगर उतरावा लागेल. या वयात. आणि खोटं ठरलं तर पुढच्या वर्षी तुझ्या ‘आज’ला कोण भीक घालणार? अजून उठून घरी जायचं असेल तर जा. आम्ही ऐकलंच नाही असं समजू.”

एनेलेसी क्षणभर घुटमळली. दिनेसी समोरच बसली होती, मान खाली, हात मांडीवर. लहानपणी मार खायच्या आधी ती अशीच बसायची. ते एनेलेसीला आठवलं आणि नको वाटलं. तरी तिने टोपलीतून पहारेकरी कणीस काढलं, दोरी सोडली, सालं उलगडली आणि उघडं कणीस चटईवर सगळ्यांच्या मध्ये ठेवलं.

“तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “यात जीव आहे? कुणीही सांगा. मी कुणाला अडवत नाही.”

आता वडाखालची अवस्था काय सांगू! कणीस उघडल्याबरोबर त्याचा दर्प असा पसरला की झाडाला बांधलेल्या शेळीने दावं ताणलं. मफुमूंनी अंगाला गुंडाळलेल्या चितेंजेचं टोक तोंडापुढे धरलं. जैलोसीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आणि वीसच्या वीस माणसं जमिनीकडे बघत बसली, कारण अजून एकही खड्डा उघडलेला नव्हता.

“बघा!” एनेलेसी म्हणाली. “कुणाला बोलताच येत नाही. मेलेल्याबद्दल बोलायचं तरी काय?”

दिनेसी उठून उभी राहिली.

“वास येतोय,” ती म्हणाली.

कुणीतरी “अय्यो!” म्हणालं. दोन बायकांनी कान झाकले.

“वास येतोय, ताई! आठव्या दिवसापासून येतोय. माझ्या दारापर्यंत येतोय, ओढ्यापलीकडे येतोय. आत्ता तर डोकं उठलंय सगळ्यांचं. वास, वास, वास! घ्या, बोलले मी. आंबू दे काय आंबायचं ते. पण मी चोर नाही आणि चेटकीणही नाही.”

एनेलेसी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने वळून जैलोसीकडे बघितलं. जैलोसीने डोळे पुसत मान हलवली. नाकात मिठाचं पाणी ओढलेल्या म्हातारीनेही हलवली. एनेलेसीला पहिल्यांदा वाटलं, हे सगळे दिनेसीला मिळालेत. कधी मिळाले? कशासाठी? तिने कुणाचं काय बिघडवलं होतं?

“खोटं बोलता तुम्ही,” ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

दिनेसी पुढे आली आणि तिने डोक्याचं फडकं सोडलं. “डोळे बांधते तुझे. चालेल?”

“कशाला?”

“बांधू दे, एनेलेसी,” मफुमू म्हणाल्या.

डोळे बांधले. दिनेसीने कुणाच्या तरी पिशवीतून मूठभर उसिपा घेतला आणि बहिणीच्या नाकाखाली धरला. “काय आहे?”

“काही नाही. रिकामा हात.”

जैलोसीने तपकिरीची डबी पुढे केली. दिनेसीने ती उघडून धरली. “आता?”

“काय थट्टा चालवलीय? हात तर पुढे कर.”

मग मफुमूंनी स्वतः हाताने खूण केली आणि त्यांच्या घरातून घासलेटची बाटली आली. बूच काढलं. मागच्या रांगेतली बाईसुद्धा नाक मुरडत मागे सरली.

“आणि हे?”

एनेलेसीने लांब श्वास घेतला. छाती भरून घेतला. पुन्हा घेतला. “काही नाही,” ती म्हणाली. मग थांबली. सगळे इतके गप्प का? “काही आहे का?”

तिने फडकं ओढून काढलं. बाटली तिच्या ओठांना टेकायचीच बाकी होती. आत अर्ध्यापर्यंत घासलेट. तिने बोट बुडवलं, बोट ओलं झालं, तेलकट झालं. ते नाकाला लावलं. नंतर तिने वाकून चटईवरचं कणीस उचललं आणि त्यात तोंड खुपसून उभी राहिली. कणीस खाली आलं तेव्हा तिच्या गालांना चुरा चिकटला होता.

“मीठ,” ती स्वतःशीच म्हणाली. “मिठाला मी उगाच... आणि घेवडा. दिनेसी, घेवडा करपला तेव्हाही?”

“सगळ्या गावाला आला होता, ताई.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार होते?”

एनेलेसी चटईवर बसली. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि सगळ्यांत जास्त काय वाटलं तर आई आता दुसऱ्यांदा गेली असं वाटलं. नंतर कधीतरी तिनेच सांगितलं म्हणून मी लिहितोय.

मफुमूंनी खोकून घसा साफ केला. “प्रकरण संपलं. दिनेसी कुठेही जाणार नाही. एनेलेसी, बहिणीची माफी तू तुझ्या वेळेला माग, मी मागायला लावणार नाही. पण सात खड्डे जमिनीत आहेत. दिवस कोण सांगणार?”

सगळे एनेलेसीकडे बघायला लागले, सवयीने. मग हळूहळू एकेकाची नजर खाली गेली. जैलोसी पुटपुटला, “आपण आपलं अंदाजाने...” आणि बायकोने कोपर मारल्यावर गप्प झाला.

“मी सांगते,” दिनेसी म्हणाली.

“तू?” एनेलेसी म्हणाली. “तुला कुठे येतं? तुला तर खड्ड्याजवळ कुणी येऊच दिलं नाही.”

“येऊ नाही दिलं. पण ओढ्यावरून येताना वारा यायचाच ना ग. दरवर्षी मी बादली भरताना मनात म्हणायचे, आज. आणि वर आले की तू म्हणायचीस, आज. दोनदाच चुकले. एकदा पाऊस लागला होता.”

एनेलेसीच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला. पन्नास वर्षं. पन्नास वर्षं आपल्या एक पाऊल आधी कुणीतरी हाच शब्द म्हणत होतं आणि पाण्याची बादली घेऊन येत होतं. आणि आता जिला आपण डोंगर उतरवायला निघालो होतो, तिच्या नाकावर सात घरं सोपवायची? आज दुपारपर्यंत तिला पाण्यात पाहिलं आपण. उद्या मनात राग धरून तिने मुद्दाम चुकीचा दिवस सांगितला, तर ओळखणार कसं? आपल्याजवळ आता ओळखायला आहे काय?

“चल,” ती उठत म्हणाली. “आधी माझा खड्डा.”

सगळे मागोमाग आले. दिनेसी आयुष्यात पहिल्यांदा त्या खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून बसली. केळीची पानं बाजूला केली, एक कणीस काढलं, सोडलं आणि तोंड जवळ नेलं. एनेलेसी तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. चेहऱ्यावरून काही कळेना.

दिनेसीने डोळे उघडले. चांगलं म्हणाली असती तर सोपं होतं. बहिणीची मर्जी राहिली असती, लोकांपुढे झाकपाक झाली असती, आणि बाजारात माल नाकारला गेला असता तेव्हाचं तेव्हा बघता आलं असतं.

“तुझा गेला, ताई,” ती म्हणाली. “दोन दिवस झाले. पाण्यात राहिलेल्या चटईसारखा येतोय.”

लोक चुळबुळले. एनेलेसीचं अख्खं वर्ष त्या खड्ड्यात होतं. तिने खाली बघितलं, मग बहिणीच्या तोंडाकडे बघितलं. आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या मनातला गुंता सुटला. हिला खोटं बोलायचं असतं तर हे बोलली नसती.

“जैलोसी,” ती म्हणाली, “तुझा दाखव.”

जैलोसीच्या परसात दिनेसी परत खाली बसली. या वेळी एनेलेसीही शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून. दिनेसीने पहारेकऱ्यात नाक घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

“कसा आहे?” एनेलेसीने विचारलं.

“आहे तसा आहे.”

“मला सांग ना. मला आता सांगावंच लागणार तुला.”

दिनेसी गोंधळली. याला शब्द कुणी लावलेच नव्हते, आईनेही नाही. “पिकलेल्या मासुकूच्या फळासारखा,” ती म्हणाली. “नाही, तसा नाही. थांब.” तिने परत श्वास घेतला. “आई तुला खड्ड्यावर घेऊन जायची. मी घरी. मग रात्री मी तिच्या कुशीत शिरले की तिच्या चितेंजेला जे असायचं ना, ते.”

“ते तर रोज असायचं. कुठल्या दिवसाचं?”

“ज्या दिवशी ती अंगाई म्हणायची. बाकीच्या दिवशी नुसती झोपायची.”

एनेलेसीने डोळे मिटले. खड्ड्याचं काम झाल्यावरच आई गायची, हे खरं होतं. हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नाकाजवळ काहीही नव्हतं, नुसती गार हवा, पण ती आईच्या गळ्याशी गेली आणि काही क्षण तिथे राहिली. शेजारी दिनेसी वाट बघत होती. सगळं परस वाट बघत होतं, आणि दिनेसी स्वतःहून तो शब्द उच्चारत नव्हती.

“म्हण,” एनेलेसी हळूच म्हणाली. “तुझा आहे तो.”

“आज,” दिनेसी म्हणाली. आवाज इतका बारीक आला की जैलोसीला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मग धांदल उडाली. पानं उडाली, कणसं बाहेर यायला लागली, माणसं इतक्या दिवसांचं साठलेलं मोठमोठ्याने बोलायला लागली. दिनेसी सवयीने उठली आणि कुंपणाशी ठेवलेल्या बादलीकडे हात केला. बादली तिथे नव्हती. ती घेऊन एनेलेसी ओढ्याच्या वाटेला लागली होती, आणि बरीच खाली पोचली होती.